हात चुकत होता

बुधवार, ४ डिसेंबर

शनिवारी फौजेतून निवृत्त झालो. सव्वीस वर्षं झाली. सोमवारी बदलापूरला घरी पोचलो. शिरगावच्या या फ्लॅटमध्ये आजवर सलग दोन महिन्यांच्या वर कधी राहिलो नव्हतो. आता कायमचा आलो आहे. मायाने माझ्यासाठी कपाटातले दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. माझं सामान एकातच बसलं.

साडेचारला जाग आली. दाढी केली, बूट पॉलिश केले, खुर्चीत बसलो. मग लक्षात आलं की कुठे जायचं नाही. माया म्हणाली, "अहो, दिवा बंद करा. दुपारची ड्युटी आहे माझी. सातपर्यंत पडू द्या." ती उल्हासनगरला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. वैष्णवी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला तर आठला जाग येते. शिस्त म्हणून नाही या घरात. हळूहळू लावू.

शनिवार, १४ डिसेंबर

मागच्या आठवड्यात घरातल्या कामांचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. पाणी कोणी भरायचं, कचरा कोणी न्यायचा, किती वाजता. आज बघतो तर त्यावर गॅसच्या बुकिंगची पावती चिकटवलेली. बहुतेक दुसरीकडे जागा नसेल.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात कशावरून तरी हसत होत्या. मी गेलो. "काय झालं?" विचारलं. वैष्णवी म्हणाली, "काही नाही पप्पा, असंच." मग दोघी कामाला लागल्या. मी पाणी पिऊन बाहेर आलो. आतून पुन्हा आवाज आला नाही.

एक चांगली बातमी. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कास्टिंग कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून काम मिळालं. सोमवारपासून जायचं. दिवसपाळी. मायाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुम्हालाही बरं वाटेल." "ही" कशाला, ते कळलं नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

चालतच गेलो. सव्वा तास लागला. गेटवर सहा गार्ड आहेत, एकाचाही पट्टा सरळ नाही. पहिला दिवस म्हणून काही बोललो नाही.

दहाच्या सुमाराला शॉप फ्लोअरवरून एक माणूस गेटपासवर सही करायला आला. अडतीसेक वर्षांचा, पोट थोडं सुटलेलं, खिशाला दोन पेनं. आत यायला लागला, मला बघितलं आणि दाराशी थबकला. मग टेबलापर्यंत चार पावलं आला. डाव्या पायाबरोबर डावा हात, उजव्याबरोबर उजवा.

असं चालणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला आहे. रजिस्टरमधली सही वाचली. हिं. बा. शेळके. रिक्रूट हिंदुराव शेळके. माझा रिक्रूट.

तो सही करून गेला. मी रजिस्टर मिटलं. 

मंगळवार, १७ डिसेंबर

शेळकेचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

२००६ ची गोष्ट. मी तेव्हा नाईकच्या हुद्द्यावर होतो, ट्रेनिंग सेंटरला ड्रिलचा उस्ताद. पहिल्यांदाच चाळीस रिक्रूटांची प्लॅटून हाताखाली. शेळके सातारच्या बाजूचा. धावण्यात चांगला, नेमबाजीत चांगला. पण परेडला उभा केला, कोणी बघतंय असं त्याला वाटलं, की एकाच बाजूचे हातपाय एकदम पुढे जायचे. एकटा असला की नीट चालायचा. ओरडून पाहिलं, मैदानाला चकरा मारायला लावल्या, हाताला दोरी बांधून चालवलं. जेवढं ओरडावं तेवढं जास्त चुकायचं. बाकीची पोरं हसायची. मीही हसू द्यायचो, लाजेने तरी सुधारेल म्हणून.

विसाव्या आठवड्यात प्लॅटूनांची ड्रिलची स्पर्धा होती. साहेबांनी मला विचारलं, "प्रमोद, याचं काय करायचं?" दोन रस्ते होते. मागच्या बॅचमध्ये टाकायचं, म्हणजे तीन महिने जास्तीचे मिळतात. नाहीतर चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही असा रिपोर्ट द्यायचा, म्हणजे घरी. मागच्या बॅचचा उस्ताद माझा दोस्त होता. तो म्हणाला, "माझ्या गळ्यात नको घालूस." मी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी सही केली. स्पर्धेत माझी प्लॅटून पहिली आली.

पुढे सेंटरच्या दोन टेन्युअर, म्हणजे नेमणुका, मिळून हजारभर पोरं माझ्या हाताखालून गेली. एकेकाचं मनावर घेतलं असतं तर काम झालं नसतं. निर्णय बरोबर होता. आज विचारलं तरी तोच घेईन.

हे लिहायला एक तास लागला.

शनिवार, २१ डिसेंबर

साडेदहाला शेळके केबिनमध्ये आला. हातात चहाचे दोन ग्लास. दारात उभा राहून म्हणाला, "जय हिंद, उस्ताद."

निवृत्त झाल्यापासून उस्ताद म्हणून कोणी हाक मारली नव्हती. मी म्हणालो, "बस, शेळके." तो बसला, पण पाठ खुर्चीला न टेकवता. म्हटलं, "आरामात बस. आता तू साहेब आहेस इथला." तो हसला. "तुमच्यासमोर पाठ टेकत नाही, उस्ताद. प्रयत्न करून बघितला."

जुन्या गोष्टी निघाल्या. कोणाचा बूट कोणी लपवला होता, लंगरच्या डाळीत काय सापडलं होतं. रिपोर्टचं त्याने काढलं नाही. मला वाटतं, त्याच्या मनात काही नसावं.

सोमवार, ३० डिसेंबर

रोज साडेदहाला शेळके चहा घेऊन येतो. चाळीसच्या चाळीस पोरांची नावं त्याला पाठ आहेत, गावासकट. तो माझी नक्कल करतो. "ए, छाती आहे का कबुतराचा पिंजरा?" असं मी म्हणायचो म्हणे. मला आठवत नाही, पण आवाज अगदी माझा काढतो. आज इतका हसलो की बाहेरचा गार्ड डोकावून गेला.

घरी येऊन वैष्णवीला ते कबुतराचं सांगितलं. ती मोबाइलवर काही टाइप करत होती. "हं," म्हणाली. मी थोडा वेळ थांबलो. मग कात्रपपर्यंत फिरून आलो.

रविवारी कंपनी बंद असते. रविवार फार मोठा असतो.

मंगळवार, ७ जानेवारी

आज शेळके चहा न पिताच बसला होता. म्हणाला, "उस्ताद, एक काम होतं. आबा आलेत गावाहून. माझे वडील. उल्हासनगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं परवा. महिनाभर माझ्याकडेच आहेत, अंबरनाथला. त्यांना सांगून बसलो, माझे उस्ताद आमच्या कंपनीत आलेत म्हणून. तेव्हापासून धोशा लावलाय, जेवायला बोलव."

"मग येतो की," मी म्हणालो.

"एक अडचण आहे." त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "आबांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मला काढलं ते. घरी सांगायची हिंमतच झाली नाही, उस्ताद. गावातून मिरवणुकीने पाठवलं होतं मला. सेंटरमधून निघालो तो तडक इथे आलो. एक गाववाला होता कारखान्यात, त्याने चिकटवलं. काळी ट्रंक होतीच. ती घेऊन वर्षातून दोनदा गावी जायचो, सुट्टीवर आलो म्हणून सांगायचो. चार वर्षं असं केलं. मग सांगितलं की गुडघा गेला म्हणून फौजेने सोडलं. सुरुचीला, माझ्या बायकोला, लग्नाआधीच खरं सांगितलंय. पोरीला नाही आणि आबांना नाही. तुम्ही फक्त रविवारी या. आबांनी विचारलं तर चांगला होता म्हणा."

मला राग आला. मी म्हणालो, "शेळके, मी वर्दीत कधी खोटं बोललो नाही आणि आता तुझ्यासाठी बोलू? हे तू सतरा-अठरा वर्षांपूर्वी निस्तरायचं होतंस."

तो उभा राहिला. सावधानमध्ये. "बरोबर आहे, उस्ताद," म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला. माझाही.

गुरुवार, ९ जानेवारी

साडेदहाला कोणी आलं नाही. कामं फार असतील.

शनिवार, ११ जानेवारी

शेळकेने गेटपासवर सही करायला दुसऱ्याला पाठवलं. गार्डांचे पट्टे आता सरळ आहेत. कँटीनमधून चहा मागवला. गोड होता, अर्धा टाकून दिला.

रविवार, १२ जानेवारी

माया ड्युटीला, वैष्णवी मैत्रिणीकडे. घरातले सगळे बूट पॉलिश केले. वैष्णवीच्या कापडी बुटांना पॉलिश लागत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

मोठ्या माणसाने जेवायला बोलावलं असताना न जाणं बरोबर दिसत नाही. हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. दुपारी स्वतः शॉप फ्लोअरवर गेलो. भट्टीजवळ शेळके उभा होता. म्हणालो, "रविवारी येतो. खोटं बोलणार नाही."

"नका बोलू, उस्ताद," तो म्हणाला. "नुसते या."

रविवार, १९ जानेवारी

आज झालं ते सगळं लिहितो.

दुपारी एकला पोचलो. अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर शेळकेचा रिक्रूट असतानाचा फोटो, टोपी जरा वाकडी. आबा दिवाणावर बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. माझा आवाज ऐकून उठायला लागले. मी त्यांना बसवलं. सुरुचीने मटण आणि भाकरी केली होती. शेळकेची मुलगी इरा, आठवीतली, माझ्याकडे टक लावून बघत होती. आपल्या बापाला ओरडणारा माणूस हाच का, असं काहीसं.

पहिली भाकरी झाल्यावर आबांनी विचारलं, "सायेब, आमचं हिंदुराव कसं हुतं वो तिथं?"

शेळके ताटाकडे बघत बसला. सुरुची भाकरी हातात घेऊन दारातच थांबली.

मी म्हणालो, "आबा, धावण्यात आणि नेमबाजीत तुमचा मुलगा माझ्या चाळीस पोरांत पहिल्या पाचात होता." हे खरं आहे. "एकदा आम्ही वीस किलोमीटर चाललो. एका पोराच्या पायाला फोड आले. त्याची पिशवी याने आठ किलोमीटर स्वतःच्या पाठीवर आणली. मला कळलं तेव्हा दोघांनाही शिक्षा केली." हेही खरं आहे. सकाळपासून शोधत होतो, वाटेत चालताना आठवलं.

"शिक्षा का?" इराने विचारलं.

"आपलं ओझं आपण उचलायचं, असा नियम होता."

"पण त्याचा पाय दुखत होता ना?"

 सुरुचीने माझ्या ताटात भाकरी वाढली. शेळके मान वर न करता म्हणाला, "इरा, जेव." पण त्याचा चेहरा मोकळा झाला होता. नंतर तो पुष्कळ बोलला, आबाही बोलले. जाधवाच्या बैलाची एक गोष्ट सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. माझ्या घरी असं जेवण झालेलं मला आठवत नाही.

निघताना आबा म्हणाले, "म्या सोडाया येतो." शेळके उठायला लागला तर त्याला हाताने बसवलं. "तू बस. जेवलाईस आत्ताच."

माझा दंड धरून ते जिना उतरले. खाली कोपऱ्यावर शेअर रिक्षा उभी होती, तीन माणसं बसलेली. आबा तिच्या अलीकडेच थांबले.

"सायेब, पत्र आलं हुतं," ते म्हणाले.

"कसलं पत्र?"

"पलटनीचं. पोराला काढलं म्हून. शाळंतल्या गुर्जींनी वाचून दावलं. त्येच्या मागनं म्हयन्यानं हे आलं, ट्रंक घिऊन. सुट्टीवर आलोय म्हनालं. म्या त्येच्या आईकडं बघितलं. ती डोळ्यांनीच म्हनाली, गप ऱ्हावा. गप ऱ्हायलो."

"इतकी वर्षं?"

"मग काय करता? प्वार तोंड लपवाया लागलं असतं. त्यापरीस ट्रंक घिऊन येतंय ते बरं." मग म्हणाले, "त्येला सांगू नगा मला ठावं हाय म्हून."

"नाही सांगणार."

तेवढ्यावर मी रिक्षात बसलो असतो तर चाललं असतं. त्यांनी काही विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "आबा, त्या पत्रावर सही साहेबांची होती. पण रिपोर्ट मी लिहिला होता."

ते माझा दंड धरूनच उभे होते. हात काढला नाही. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"त्येची आई त्याच साली गेली," ते म्हणाले. "शेवटापतुर इचारायची, काय केलं आसंल वो माझ्या पोरानं? चोरी केली आसंल, का कुनाला मारलं आसंल? म्या काय सांगनार. काय केलं हुतं त्येनं?"

"काही नाही, आबा. हात चुकत होता."

"हात?"

"चालताना. डावा पाय पुढे गेला की उजवा हात पुढे यावा लागतो. त्याचा डावाच यायचा."

आबांनी माझा दंड सोडला. रस्त्याच्या कडेला चार पावलं चालले, मान खाली घालून, स्वतःच्या हातांकडे बघत. मग वळून परत चार पावलं आले.

"चालताना," ते म्हणाले.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आबा म्हणाले, "जावा आता. भरली ती." आणि भिंतीला हात लावत जिन्याकडे वळले. मी त्यांना वर सोडायला हवं होतं. जमलं नाही.

रिक्षात बसलो नाही. शिरगावपर्यंत चालत आलो.

सोमवार, २० जानेवारी

साडेदहाला शेळके चहा घेऊन आला. आज पाठ टेकून बसला. म्हणाला, "उस्ताद, आबा काल लई खूश होते. झोपेपर्यंत तुमचंच चाललं होतं. मी उगाच घाबरलो. त्यांना आयुष्यात कळायचं नाही." मग म्हणाला, "ती पिशवीची गोष्ट मी विसरलो होतो. तुमच्या लक्षात राहिली."

मी म्हणालो, "शेळके, तो रिपोर्ट..."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "राहू द्या, उस्ताद. चहा गार होतोय."

त्याच्या वडिलांचं त्याला सांगता येत नाही. त्याचं त्याच्या वडिलांना सांगण्यासारखं काही उरलं नाही. दोघांचंही मला माहीत आहे आणि मी गेटवर बसून आहे. कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. फोन काढून नावं बघत गेलो. सगळी नावं रँकसकट सेव्ह केलेली. कोणालाच लावला नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

आज कंपनीतून रजा घेतली. मायाची रात्रपाळी संपून ती दुपारी उठली. चहा मी केला. साखर कुठे असते ते विचारावं लागलं.

ती ड्युटीचे कपडे इस्त्री करत होती. मी म्हणालो, "माया, मी तिकडे होतो तेव्हा तुम्ही मला न सांगितलेलं असं काय काय आहे?"

तिने इस्त्री उभी केली. "आज हे कुठून आलं?"

"असंच."

"आता कशाला पण?"

"मला माहीत नाही म्हणून."

ती बाहीच्या घड्या घालत राहिली. मला वाटलं, सांगणार नाही. मग म्हणाली, "वैष्णवीला डेंग्यू झाला होता. दहावीत असताना. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या होत्या. आठ दिवस आमच्याच हॉस्पिटलमध्ये आयसीयूत होती. मी दिवसा ड्युटी करायचे आणि संध्याकाळपासून तिच्यापाशी बसायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, मीच आहे घरची."

"मी रोज फोन करत होतो तेव्हा."

"करत होता ना. तुम्ही विचारायचा, सगळं ठीक? आणि मी तोंड उघडायच्या आत तुमच्या प्लॅटूनचं सुरू व्हायचं."

"सांगितलं असतंस तर आलो असतो."

"आला असता?"

तिने रागाने नाही विचारलं. खरंच विचारत होती. मी विचार केला. पोरांची कसम परेड, म्हणजे शपथविधी, तोंडावर असती तर सुट्टी मागितली असती का मी? माहीत नाही, असं म्हणालो. तिने मान हलवली. एवढं तरी खरं बोललात, अशी.

वैष्णवी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. म्हणाली, "मी पण बोलले होते तुमच्याशी, पप्पा. सलाइन लावलेलं होतं. तुम्ही म्हणालात, आवाज का बसलाय, आइस्क्रीम खाल्लं असशील, गरम पाणी पी."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं."

ती आत येऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसली. दोघी त्या आठ दिवसांचं बोलायला लागल्या. शेजारच्या बेडवरच्या आजी, कँटीनची इडली, वैष्णवीने नर्सवर काढलेला राग. मध्येच हसल्यासुद्धा. मी ऐकत होतो. यावेळी मी आहे म्हणून त्या थांबल्या नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात मी कुठेच नव्हतो. असणार कसा?

शेवटी विचारलं, "तारीख कोणती होती?"

"ॲडमिट बारा सप्टेंबरला केलं," माया म्हणाली. "२०१९."

तिसरा दिवस म्हणजे चौदा. नोकरीत असताना मी खिशातल्या छोट्या डायरीत रोज दोन ओळी लिहायचो. सगळ्या डायऱ्या ट्रंकेत आहेत. २०१९ ची काढली. पान लगेच सापडलं. अक्षर नीट, ओळी सरळ.

"१४ सप्टेंबर. कसम परेड. हवा स्वच्छ. प्लॅटून पहिली. संध्याकाळी घरी फोन केला. सर्व ठीक."